स्टर्लिंगची अर्लकी: वारस नसलेली पदवी आणि गरजेप्रमाणे सापडणारे कागद

पार्श्वभूमी

ही गोष्ट स्टर्लिंगची अर्लकी या स्कॉट उमरावाच्या वंशपरंपरागत पदवीवर दोघांनी सांगितलेल्या हक्काची आणि दुसऱ्याच्या बनावट कागदांची. स्कॉटलंडमधल्या मेनस्ट्रीचा विल्यम अलेक्झांडर हा मुळात कवी. राजपुत्र हेन्रीचा शिक्षक म्हणून तो दरबारात शिरला आणि राजाच्या मर्जीतला झाला. १० सप्टेंबर १६२१ रोजी जेम्स राजाने त्याला अटलांटिकपलीकडच्या एका प्रचंड मुलखाची सनद दिली. आजच्या कॅनडातले नोव्हा स्कोशिया, न्यू ब्रन्सविक आणि प्रिन्स एडवर्ड आयलंड हे सगळे त्या सनदेत येत होते. मुलूख कागदावर मिळाला, पण तिथे जायला माणसे नव्हती आणि न्यायला पैसा नव्हता.

त्यावर तोड निघाली ती किताब विकण्याची. १६२५ पासून ‘नोव्हा स्कोशियाचे बॅरोनेट’ ही उमरावांच्या खालोखालची वंशपरंपरागत पदवी विक्रीला निघाली. किंमत ३,००० मर्क (जुने स्कॉट नाणे). त्यातले २,००० मर्क सहा माणसे दोन वर्षे वसाहतीत पोसण्यासाठी आणि उरलेले १,००० अलेक्झांडरला. स्टर्लिंग पौंडांत हा हिशेब १६६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स होतो. बदल्यात किताब आणि सहा मैल लांब, तीन मैल रुंद जमीन. जमिनीचा कायदेशीर कब्जा घ्यायचा तर स्कॉट कायद्याप्रमाणे त्या जागेवर उभे राहून माती-दगड हातात घ्यावे लागत. त्यासाठी समुद्र कोण ओलांडणार? म्हणून हा कब्जा एडिंबराच्या किल्ल्यावर घेतला तरी चालेल, असे ठरले. ही सोय लक्षात ठेवावी. दोनशे वर्षांनी तिचा उपयोग कोणी केला ते पुढे येतेच.

वसाहत टिकली नाही. १६३२ च्या तहात तो मुलूख फ्रान्सला परत गेला. अलेक्झांडरला १०,००० पौंड भरपाई कबूल झाली, ती हाती कधीच आली नाही. त्याऐवजी मानमरातब मात्र भरपूर मिळाला. १६३३ मध्ये तो स्टर्लिंगचा अर्ल आणि ‘व्हायकाउंट कॅनडा’ झाला. स्टर्लिंग गावातल्या त्याच्या वाड्याच्या दारावरचे घराण्याचे चिन्ह आजही पाहायला मिळते. १६४० मध्ये तो कर्जात बुडालेल्या अवस्थेत वारला. पदवी आधी तान्ह्या नातवाकडे गेली, तो काही महिन्यांतच गेला, मग ती मुलाकडे आणि पुढे त्याच्या वंशात चालली. पाचवा अर्ल १७३९ मध्ये मूलबाळ नसताना वारला आणि पदवी थांबली.

नेमकी अडचण

लोक सरसकट ‘पदवी संपली’ म्हणतात. स्कॉट कायद्यात मात्र संपलेली पदवी आणि निद्रिस्त पदवी यांत मोठा फरक आहे. मूळ सनदेत वारसाहक्क कोणाला दिला आहे, यावर सगळे अवलंबून असते. ‘स्वतःच्या औरस मुलग्यांना आणि त्यांच्या मुलग्यांना’ असे म्हटले असेल, तर ती ओळ खुंटली की पदवी संपते. स्टर्लिंगची १६३३ ची सनद मात्र अलेक्झांडर हे नाव व चिन्ह धारण करणाऱ्या पुरुष वारसांना होती. अशा सनदेत पहिल्या अर्लच्या आजोबा-पणजोबांपासून फुटलेल्या शाखांतला पुरुषही वारस ठरू शकतो. म्हणजे पदवी कायद्याने जिवंत राहते, फक्त तिचा धनी कोण हे सिद्ध झालेले नसते.

दुसरी गाठ स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या १७०७ च्या विलीनीकरणाने मारली. त्यानंतर स्कॉट उमरावांनी आपल्यातून १६ प्रतिनिधी निवडून लंडनच्या लॉर्ड्स या संसदेच्या वरिष्ठ सभागृहात पाठवायचे, असे ठरले. निवडणूक एडिंबराच्या हॉलिरूड राजवाड्यात व्हायची. कारकून यादीतल्या पदव्या एकेक करून पुकारायचा आणि जो ‘हजर’ म्हणेल त्याचे मत घ्यायचा. पदवी खरोखर त्या माणसाची आहे का, हे तपासणे त्या टेबलावरच्या माणसाचे काम नव्हते. १७३९ नंतरही स्टर्लिंगचे नाव यादीत राहिले आणि पुकारले जात राहिले. निर्मनुष्य वाड्याचे दार सताड उघडे ठेवण्याचाच हा प्रकार होता.

पहिला दावेदार, थोडक्यात

न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला विल्यम अलेक्झांडर (१७२६-१७८३) १७५६ मध्ये लंडनला आला आणि बाजूच्या पुरुष शाखेतून आपला हक्क सांगू लागला. १७५९ मध्ये एडिंबरात ज्युरीपुढे त्याची वारसचौकशी झाली. तोंडी साक्षीच्या जोरावर तो जवळचा पुरुष वारस ठरला. इथपर्यंत ठीक होते. त्याच्या सल्लागारांपैकी काहींचे मत असे की स्कॉट ज्युरीचा निर्णय पुरेसा आहे, पदवी लावायला सुरुवात करावी. त्याने ती लावली, पण राजाकडे अर्जही केला आणि प्रकरण लॉर्ड्स सभागृहाकडे गेले. निकालाची वाट न पाहता तो १७६१ मध्ये अमेरिकेला परतला. १७६२ मध्ये लॉर्ड्सनी हक्क सिद्ध झाला नसल्याचे सांगितले आणि तो सिद्ध होईपर्यंत पदवी वापरू नये असा हुकूम काढला. अमेरिकेत त्याला शेवटपर्यंत ‘लॉर्ड स्टर्लिंग’च म्हणत. वॉशिंग्टनच्या सैन्यातला हा सेनापती १७७६ च्या लाँग आयलंडच्या लढाईत मेरीलँडच्या तुकडीसह पाय रोवून उभा राहिला आणि पकडला गेला.

आपल्या प्रकरणासाठी महत्त्वाचा आहे तो १७६२ चा हुकूम. तो त्या एका माणसापुरता निघाला. हॉलिरूडच्या यादीत त्याने काहीच बदलले नाही.

दुसरा दावेदार आणि त्याच्यापुढचे मार्ग

अलेक्झांडर हंफ्रीज १७८३ मध्ये बर्मिंगहॅममध्ये जन्मला. बाप व्यापारी, आई हॅना अलेक्झांडर ही एका प्रेस्बिटेरियन पाद्र्याची मुलगी. नेपोलियनच्या काळात बापासोबत फ्रान्सला गेलेला हा तरुण युद्ध पेटल्यावर तिथे अडकला, तो १८१४ पर्यंत. तिथेच त्याने नेपल्सच्या एका मुलीशी लग्न केले. नेपोलियनच्या दरबारी वर्तुळात गाजलेली पॅरिसची भविष्यवेत्ती लेनॉर्मां हिच्याशीही त्याची ओळख फ्रान्समध्येच झाली. इंग्लंडला परतल्यावर त्याने वुस्टरला शाळा चालवली.

त्याचा दावा असा: आई हॅना ही पहिल्या अर्लचा चौथा मुलगा, गार्टमोरचा जॉन, याच्या वंशातली. या दाव्यात दोन खड्डे होते. एक, वंशावळीचा. गार्टमोरच्या जॉनला आयर्लंडमधल्या अँट्रिममध्ये राहणारा मुलगा होता, हे दाखवणारा विश्वासार्ह कागद नव्हता. दुसरा, कायद्याचा. वंशावळ खरी धरली तरी हंफ्रीजचे नाते आईकडून येत होते आणि १६३३ ची सनद पुरुष वारसांची होती.

त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. सरळ वाट म्हणजे राजाला अर्ज. तो लॉर्ड्सच्या समितीपुढे जातो, सरकारी वकील विरोधात उभा राहतो, प्रत्येक दस्त तपासला जातो. अमेरिकन अलेक्झांडरचे तिथे काय झाले, हे सगळ्यांना ठाऊक होते. दुसरी वाट आडवळणाची: जिथे कोणी विरोध करत नाही अशा लहान-लहान कचेऱ्यांतून एकेक शिक्का गोळा करायचा आणि पुढच्या कचेरीत मागचा शिक्का दाखवायचा. हंफ्रीजने ही वाट धरली.

क्रम पाहण्यासारखा आहे. १८२४ मध्ये त्याने अलेक्झांडर हे आडनाव लावायला राजाची परवानगी मिळवली. ही परवानगी नावापुरती, हक्काचा तिच्यात शब्दही नाही. १८२५ मध्ये तो हॉलिरूडला गेला, ‘स्टर्लिंग’ पुकारताच उत्तर दिले आणि मत टाकले. १८२६ मध्ये कॅननगेटच्या न्यायालयात आईचा वारस म्हणून नोंद करून घेतली. पुढे एडिंबरात आणखी वारसचौकशी झाली. या चौकशीची रीत अशी: राजाच्या कचेरीतून आदेश घ्यायचा, पंधरा जणांची ज्युरी बसवायची, साक्षीदार आणायचे, आणि निष्कर्ष राजदफ्तरात पाठवून नोंदवायचा. विरोधी पक्षच नसेल तर ज्युरी समोर आलेले ऐकते आणि मान डोलावते. अशा नोंदीने ‘या माणसाने असे सांगितले आणि कोणी हरकत घेतली नाही’ एवढेच सिद्ध होते. पण सीलबंद कागदावर ते फार भारदस्त दिसते.

१८३१ मध्ये त्याने एडिंबराच्या किल्ल्यावर नोव्हा स्कोशियाचा कब्जाही घेतला, अगदी १६२५ च्या रीतीने. लंडनमध्ये कचेरी उघडली, कॅनडातल्या जमिनीचे व्यवहार मांडले, स्वतःच्या अधिकारात बॅरोनेट नेमले. निद्रिस्त आणि लुप्त पदव्यांवर ग्रंथ लिहिणारा टॉमस क्रिस्टोफर बँक्स हा वंशावळीचा जाणकार त्याचा कारभारी झाला आणि त्यालाही हा किताब मिळाला. ज्याचे काम दावे तपासण्याचे, तोच दाव्याचा लाभार्थी झाला. तिथून पुढे त्याच्या हातातून आलेल्या कोणत्याही कागदाला वजन उरत नाही, असे माझे मत.

सरकारपुढचा पेच

१८२५ पासून सरकारला हे दिसत होते. दुर्लक्ष करावे, तर पदवी वापराने पक्की होते आणि जमीन विकत घेणारे फसतात. फौजदारी करावी, तर बनावट कागद कोणता आणि तो केला कोणी, हे दाखवावे लागते. मधला मार्ग म्हणजे दिवाणी दावा: वारसचौकशीच्या नोंदी रद्द करून मागायच्या. राजाच्या अधिकाऱ्यांनी १८३३ मध्ये हा मार्ग धरला. त्यातला फायदा असा की पुराव्याचे ओझे दावेदाराच्या खांद्यावर येते. बनावटगिरी सिद्ध करण्याची गरज नाही, ‘पुरावा अपुरा’ एवढे पुरते.

१८३६ च्या डिसेंबरमध्ये न्यायाधीश लॉर्ड कोबर्न यांनी निकाल दिला: वंशावळीतले दुवे सिद्ध होत नाहीत. निकालपत्रात कोणता दुवा का कच्चा, हेही स्पष्ट सांगितले होते. न्यायाधीशाने कारणे द्यायलाच हवीत, त्यात चूक काही नाही. पण दावेदाराला त्यातून नेमकी यादी मिळाली, कुठे काय कमी पडते त्याची.

आणि मग कागद सापडू लागले.

१८३७ मध्ये लंडनच्या एका पुस्तकविक्रेत्याकडे अनामिक पुडके आले. त्यात घराण्याचे जुने दस्त होते. त्याच वर्षी पॅरिसमध्ये लेनॉर्मांकडे कोणीतरी कॅनडाचा एक जुना नकाशा आणून ठेवला. त्याच्या मागच्या बाजूस चिकटवलेल्या आणि लिहिलेल्या टिपणांत नेमके तेच दुवे होते, जे कोबर्न यांनी कच्चे ठरवले होते. हंफ्रीज १८३६-३७ चा हिवाळा पॅरिसमध्येच होता.

कागद कसे उघडे पडले

या कागदांवरून सरकारने शेवटी हंफ्रीजवर बनावटगिरीचा फौजदारी खटला भरला. त्यात सरकारने वंशावळीशी झुंजायचे टाळले आणि कागदांची अंगे तपासली. हा निर्णय सगळ्यात हुशारीचा. दोन वस्तू जवळून पाहू.

पहिली, १६३९ च्या सनदेचा उतारा. हा कागद आधीपासून दाव्यात होता आणि पुरुष वारसांची अडचण त्याच्यावर टेकून ओलांडली जात होती. चार्ल्स राजाने ७ डिसेंबर १६३९ रोजी फेरसनद देऊन पुरुष वारस खुंटल्यास स्त्रीवंशालाही हक्क दिला, असे त्यात होते. मूळ सनद कुठेच नाही. राजमुद्रेच्या दफ्तराच्या ५७ व्या खंडातून घेतलेला उतारा म्हणून हा कागद पुढे आला. त्या खंडाची काही पाने हरवलेली आहेत, ही गोष्ट खरी. उतारा करणाऱ्याने जागा विचारपूर्वक निवडली होती. पण हरवलेल्या पानांवर काय होते याची सूची शिल्लक होती आणि तिच्यात ही सनद नव्हती.

साक्षीदारांच्या नावांत आर्चबिशप स्पॉटिसवुड ‘आमचे चान्सेलर’ म्हणून येतात. स्पॉटिसवुड यांनी १६३८ मध्येच चान्सेलरपद सोडले होते आणि २६ नोव्हेंबर १६३९ रोजी ते वारले. म्हणजे पद सोडल्यावर वर्षाने आणि मृत्यूनंतर अकराव्या दिवशी साक्ष. जुन्या सनदेत साक्षीदारांची यादी ठराविक साच्यातली असते, दोन-चार वर्षे आधीच्या सनदेवरून उतरवली की काम भागते, असे करणाऱ्याला वाटले असावे. बनावट दस्त इथेच फसतात. मजकुरावर मेहनत घेतली जाते, शेवटच्या साचेबंद ओळींवर नाही.

शिवाय समासात दफ्तराचा संदर्भ ज्या धाटणीने लिहिला होता, ती धाटणी खंडांची फेरबांधणी झाल्यावर, १८०६ च्या सुमारास रूढ झाली. सतराव्या शतकातला कारकून एकोणिसाव्या शतकातला संदर्भ कसा देईल?

दुसरी वस्तू नकाशा. फ्रेंच नकाशाकार गियोम द्लील याचा कॅनडाचा प्रसिद्ध नकाशा, छापील साल १७०३. मागे १७०६ आणि १७०७ सालच्या टिपणांचा गुच्छ. लियाँच्या एका गृहस्थाने फेरसनदेची प्रत पाहिल्याचे लिहिले होते. वर मोठमोठ्या लोकांचे दाखले: नीमचे बिशप फ्लेशिए, कांब्रेचे आर्चबिशप फेनेलों, इतकेच काय, पंधराव्या लुईच्या नावचाही एक शेरा. एवढे मातब्बर लोक एका आयरिश कुटुंबाच्या वारसाहक्कासाठी एकाच नकाशाच्या पाठीवर जमतात, इथेच भुवई उंचवायला हवी.

पण नकाशा पडला तो पुढच्या बाजूने. शीर्षकात द्लीलच्या नावापुढे ‘राजाचा प्रथम भूगोलतज्ज्ञ’ असे छापले होते. ही नेमणूक त्याला २४ ऑगस्ट १७१८ रोजी मिळाली. छपाईच्या तांब्याच्या पाटीवर नवे बिरुद कोरले गेले, साल मात्र जुनेच, १७०३, राहिले. त्यामुळे या बिरुदासह छापलेली कोणतीही प्रत १७१८ च्या आधीची असूच शकत नाही. फ्लेशिए १७१० मध्ये वारले, फेनेलों १७१५ मध्ये. त्यांनी ज्या कागदावर लिहिले म्हणायचे, तो त्यांच्या हयातीत छापलाच गेला नव्हता. त्या हिवाळ्यात इंग्रजी वळणाने फ्रेंच बोलणाऱ्या एका गिऱ्हाइकाने कॅनडाचे जुने नकाशे विकत घेतले, अशी साक्ष पॅरिसच्या एका नकाशेविक्याने दिली.

हस्ताक्षरतज्ज्ञ आले, शाईवर चर्चा झाली. ते सगळे मताचे प्रश्न. एक तज्ज्ञ हो म्हणतो, दुसरा नाही. नेमणुकीची तारीख हा मताचा प्रश्न नाही.

निकाल

खटला एडिंबराच्या उच्च फौजदारी न्यायालयात एप्रिल १८३९ च्या अखेरीस सुरू झाला आणि मेच्या पहिल्या आठवड्यात संपला. चार न्यायाधीश, पंधरा जणांची ज्युरी. आरोपीच्या शेजारी त्याचा जुना मित्र, लष्करी अधिकारी दागिलार, बसून राहिला आणि त्याच्या सचोटीची ग्वाही दिली.

ज्युरीने दोन प्रश्न वेगळे ठेवले. कागद बनावट आहे का? सनदेचा उतारा बनावट. नकाशावरची टिपणे बनावट. लंडनच्या पुडक्यातले दस्त बनावट असल्याचे सिद्ध नाही. आणि आरोपीने ते केले, किंवा बनावट आहेत हे माहीत असून वापरले? सिद्ध नाही. ‘सिद्ध नाही’ हा तेव्हाच्या स्कॉट कायद्यातला तिसरा निकाल; तो निर्दोष म्हणत नसे, पण माणूस सुटे. निकाल ऐकताच हंफ्रीज भोवळ येऊन पडला. पुढे तो अमेरिकेला गेला आणि १८५९ मध्ये वॉशिंग्टनला वारला. पदवी कायद्याने आजही निद्रिस्तच आहे.

ज्युरी चुकली का? मला वाटत नाही. लाभ कोणाला, हे उघड होते. हात कोणाचा, हे नव्हते. बँक्स, लेनॉर्मां, पुडके टाकणारा अनामिक, सगळे मधे होते. आपण खरेच अर्ल आहोत असे हंफ्रीजला मनापासून वाटत असणेही अशक्य नाही. भविष्यवेत्तीने मोठेपणा भाकीत करावा आणि मग तिच्याच घरातून पुरावा निघावा, हे पाहून ज्याला शंका येत नाही तो लबाडच असतो असे नाही.

काय वेगळे करता आले असते

सगळ्यात स्वस्त उपाय १७६२ मध्ये हाती होता. लॉर्ड्सनी एका माणसाला मनाई करण्याऐवजी ‘हक्क सिद्ध होईपर्यंत ही पदवी पुकारू नये’ असे हॉलिरूडच्या कारकुनाला कळवले असते, तर १८२५ चे मत पडलेच नसते आणि पुढच्या सगळ्या कागदांना पहिली पायरी मिळाली नसती.

१८२५ ते १८३३ ही आठ वर्षे वाया गेली. वारसचौकशीच्या वेळी सरकारी वकिलाने नुसती हजेरी लावून मूळ दस्त मागितला असता, तरी उतारा तिथेच अडला असता. उतारा सादर झाला की पहिला प्रश्न ‘मूळ कुठे’, दुसरा ‘दफ्तराची सूची काय म्हणते’, तिसरा ‘साक्षीदार त्या तारखेला त्या पदावर होता का’. यातल्या तिन्हींना हस्ताक्षरतज्ज्ञ लागत नाही, दफ्तरखान्यातला अनुभवी कारकून आणि एक दिवस पुरतो. मराठी वाचकांपैकी ज्यांनी वतनाचे जुने तंटे चाळले आहेत त्यांना हा क्रम नवा वाटणार नाही.

दिवाणी निकालानंतर नवा पुरावा दाखल करून घेताना त्याचा प्रवासही दाखल करून घ्यायला हवा होता: कोणाकडून, केव्हा, कोणत्या हातांतून. इथे तो प्रवास फौजदारीपर्यंत कोणी नीट विचारला नाही.

यादीचे दार शेवटी १८४७ च्या कायद्याने लावले. १८०० नंतर ज्या पदवीच्या नावे मत नोंदले गेलेले नाही, ती लॉर्ड्सच्या हुकुमाशिवाय पुकारायची नाही, आणि हजर असलेल्या दोन उमरावांनी एखाद्याच्या मताला हरकत घेतली तर प्रकरण लॉर्ड्सकडे चौकशीला जाईल, असे त्यात ठरले. गंमत अशी की १८०० या मर्यादेने खुद्द स्टर्लिंगचे दार लागत नव्हते, कारण हंफ्रीजने त्यानंतर मत टाकले होते. तिथे कामी आली असती ती हरकतीची तरतूद, म्हणजे पुन्हा शेजारी बसलेल्या कोणीतरी तोंड उघडण्यावरच भिस्त होती.